जिथे पाना लागला, तिथे आधी बघा

क्लचचे काम करून गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि सेल्फ नुसता ‘टक’ करून गप्प बसला. अशा वेळी नव्या बॅटरीच्या दुकानाकडे धावू नका. सेल्फ मोटर खोलायला सांगू नका, आणि ‘ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला असेल’ असे कोणी म्हणाले तर होकार तर मुळीच देऊ नका. आधी एकच गोष्ट विचारा: काल या गाडीचे काय काय उघडले होते?

गाडी वापरणाऱ्या सगळ्यांना माझी एवढीच कळकळीची विनंती आहे. मेकॅनिकल कामानंतर लगेच इलेक्ट्रिकल दोष उपटला, तर जिथे पाना लागला तिथेच शोध सुरू करा. मोजून किंवा डोळ्यांनी पाहून खात्री झाल्याशिवाय एकही नवा पार्ट विकत घेऊ नका. जी गोष्ट परवापर्यंत चालत होती आणि काम झाल्यावर बंद पडली, ती त्या कामातच बिघडली असण्याची शक्यता सगळ्यात मोठी असते. अपवाद असतात, त्यांच्याकडेही येतो. पण अपवादापासून सुरुवात केली की खिसा रिकामा होतो आणि दोष तिथेच राहतो.

‘क्लचचा आणि वायरिंगचा काय संबंध?’ असे वाटणे साहजिक आहे. आजच्या गाडीत मात्र वायर बाजूला केल्याशिवाय एखादा मोठा बोल्ट निघेल अशी जागाच फारशी उरलेली नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या छोट्या गाडीचा क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्यासाठी बहुतेक वेळा बॅटरी आणि तिचा ट्रे निघतो, एअर फिल्टरचा डबा निघतो, सेल्फ मोटर निघते. रिव्हर्स लाइटच्या स्विचचा कपलर सुटतो, स्पीड सेन्सरचा असेल तर तोही. बऱ्याच इंजिनांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलच्या शेजारीच बसलेला असतो, त्यालाही हात लागतो. आणि गिअरबॉक्सच्या एखाद्या बोल्टखाली अर्थिंगची पट्टी आवळलेली असते, ती सोडवावी लागते. संध्याकाळी सहा वाजता गिऱ्हाईक दारात उभे असताना हे सगळे परत जोडायचे असते. यातला एखादा कपलर अर्धाच बसतो, एखादी पट्टी लोंबकळत राहते. काम करणारा वाईट असतो म्हणून हे होत नाही. क्लच नीट लागतोय ना, याकडे त्याचे सगळे लक्ष असते म्हणून होते.

यातल्या अर्थिंगच्या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे याच एका पट्टीपायी वाया जाताना दिसतात.

गाडीच्या बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र रबरी माउंटिंगवर बसवलेले असतात, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तोडलेलेच. म्हणून बॅटरी किंवा बॉडीपासून इंजिनापर्यंत एक जाड वायर किंवा विणलेली तांब्याची पट्टी टाकलेली असते. सेल्फ मोटर फिरताना शंभर-दोनशे अँपिअर करंट ओढते, आणि जेवढा करंट लाल वायरने आत जातो तेवढाच या पट्टीवाटे परत यावा लागतो. पट्टी जोडायची राहिली तर करंट दुसरी वाट शोधतो. कधी अॅक्सिलरेटरची केबल, कधी क्लचची, कधी गिअरची. त्या बारीक पोलादी केबली एवढ्या करंटसाठी केलेल्याच नसतात. त्या तापतात, वरचे प्लास्टिक वितळते, धूर निघतो. नवी क्लच केबल काही दिवसांतच जड झाली किंवा जळाली, तर केबल हलकी निघाली म्हणून कंपनीला दोष देण्याआधी अर्थिंग बघा.

पट्टी जोडलेली असूनही घात होऊ शकतो. तिच्या टोकाच्या गोल चकतीखाली ग्रीस आणि तेलाचा थर असतो, किंवा हिरवट गंज चढलेला असतो. कोणी हौसेने गिअरबॉक्सला किंवा ब्रॅकेटला रंग मारलेला असतो आणि पट्टी त्या रंगावरच आवळलेली असते. वरून बघणाऱ्याला बोल्ट घट्ट दिसतो, पण खाली धातूला धातू लागलेला नसतो. लक्षणेही मग विचित्र दिसतात. सेल्फ जड फिरतो, सेल्फ मारताना मीटरमधले काटे नाचतात. अर्थिंग मागच्या दिव्यांचे खराब असेल तर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. एक दिवा लावला की दुसराच लागतो असे झाले, तर नव्वद टक्के लोक बल्ब बदलतात. बघायचे असते अर्थिंग.

तपासणीचा सोपा मार्ग घरीही करता येतो. जंप स्टार्टच्या दोन केबलींपैकी फक्त काळी घ्या. तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूला लावा. पेट्रोलचा पाइप आणि फिरणारे पट्टे यांपासून ती लांब ठेवा. आता सेल्फ मारा. मघाशी टक टक करणारी गाडी झटक्यात सुरू झाली, तर बॅटरी चांगली आहे, सेल्फही चांगला आहे. परतीची वाट तेवढी तुटलेली आहे.

याहून नेमके उत्तर मीटर देतो. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवा. तिच्यावरच्या क्लँपवर नाही, शिशाच्या खुंटीवरच. लाल सुई इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. बाही आणि ओढणी पंख्यापासून, पट्ट्यापासून दूर. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास आला तर अर्थिंग ठणठणीत आहे. ०.५ च्या वर गेला तर कुठेतरी अडथळा आहे. दीड-दोन व्होल्ट दिसले तर शोध संपला, पट्टीकडे चला.

इथे बरेच जण फसतात. पट्टीच्या दोन टोकांना मीटर लावतात, ‘बीप’ वाजते आणि ‘वायर ओके आहे’ असे सांगून मोकळे होतात. पट्टीतली एक तार जरी शाबूत असली तरी बीप वाजते, कारण मीटर फार थोडा करंट सोडून बघतो. हिशोब करून पाहा. सांध्यात ०.०१ ओहम एवढाच अडथळा आहे असे धरा, जो साध्या मीटरवर दिसणारही नाही. त्यातून १५० अँपिअर जाताना १.५ व्होल्ट तिथेच खर्च होतात. सेल्फ मारताना आधीच खाली आलेल्या बॅटरीतून दीड व्होल्ट आणखी गेले की मोटर फिरणार कशी? म्हणून तपासणी करायची ती काम चालू असताना, करंट वाहत असताना. बंद गाडीतली बीप या बाबतीत काहीच सांगत नाही.

बॅटरीबद्दलचा संशयही याच मीटरने पाच मिनिटांत फिटतो. गाडी रात्रभर उभी असेल आणि बॅटरी भरलेली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात, १२.० म्हणजे ती जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळू नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळाले की अल्टरनेटर चार्ज करतोय. काही नव्या गाड्या इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तेव्हा एकाच आकड्यावरून अल्टरनेटर खराब ठरवू नका.

आता कपलर. अर्धा बसलेला कपलर वरून बसल्यासारखाच दिसतो. नीट बसला की ‘टक’ असा बारीक आवाज येतो आणि कुलपाची जीभ वर येऊन अडकते. जुन्या गाडीत ही जीभ उन्हाने, इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेली असते आणि काढताना तुटते. मग कपलर बसतो, पण खड्ड्यात हादरे बसले की मागे सरकतो. दोष येतो, जातो, परत येतो. म्हणून जिथे काम झाले तिथला प्रत्येक कपलर हाताने दाबून बघा आणि त्याच्या प्लास्टिकला धरून हलकेच ओढून बघा. वायरीला धरून ओढायचे नाही. निघाला तर आत डोकावून बघा, एखादी पिन वाकून आडवी पडलेली किंवा मागे ढकललेली असू शकते. टॉर्च आणि स्वस्तातले भिंग एवढे पुरते.

वायरिंग परत त्याच वाटेने गेले आहे का, हेही बघा. कंपनीने क्लिपा उगाच दिलेल्या नसतात. एक क्लिप लावायची राहिली की वायरिंग सायलेन्सरच्या गरम नळीला टेकते आणि पंधरा दिवसांनी फ्यूज उडायला लागतो. गिअरबॉक्स चढवताना मधे सापडून चेपलेली वायर तर लगेच दगा देत नाही, आतून तुटलेली असते आणि बाहेरचे आवरण शाबूत असते.

पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा लागला असेल तर स्कॅनर लावणे योग्यच आहे. पण स्कॅनरचा कोड म्हणजे पार्टची ऑर्डर नव्हे. कोड सांगतो की अमुक सर्किटमध्ये गडबड आहे. पी०११३ हा कोड आला तर इंजिनात जाणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचे सर्किट उघडे दिसते आहे. सेन्सर मेला असेल, किंवा एअर फिल्टरचा डबा काढताना त्याचा कपलर सुटला आणि लावायचा राहिला असेल. काल डबा निघाला होता हे तुम्हाला माहीत आहे, स्कॅनरला नाही. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. गिअरबॉक्स उतरवल्यावर तो आला तर सेन्सरच्या किमतीची चौकशी करण्याआधी त्याची वायर आणि बसण्याची जागा बघायची. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. पुसला की त्या क्षणाची नोंदही जाते आणि पुढच्या माणसाला अंधारात चाचपडावे लागते.

चाकांच्या कामानंतर लागणारा एबीएसचा दिवा हे वेगळेच प्रकरण आहे, आणि ते सांगायलाच हवे. दोष इलेक्ट्रिकल दिसतो, कारण मात्र पूर्ण मेकॅनिकल असते. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय कडे असते. चाक फिरताना एबीएसचा सेन्सर ते कडे वाचून वेग मोजतो. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या. बेअरिंग उलटे दाबले गेले तर चाक उत्तम फिरते, आवाजही जातो, पण सेन्सरला काहीच दिसत नाही. दिवा लागतो, सेन्सर बदलला जातो, दिवा तसाच राहतो. मग दुसरा सेन्सर, मग वायरिंग, मग एबीएसचे युनिट. दाबून बसवलेले बेअरिंग परत काढायचे तर ते बहुधा खराब होते, म्हणून बसवण्याआधीच तपासायचे. कागदाची एखादी बारीक पोलादी क्लिप सीलजवळ धरली की कोणत्या बाजूला कडे आहे ते कळते. तुमच्या गाडीचे बेअरिंग बदलायचे असेल तर मेस्त्रींना आधीच आठवण करून द्या. शॉक अॅब्सॉर्बर बदलल्यावर एबीएसची वायर तिच्या ब्रॅकेटमध्ये परत अडकवली का, हेही स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. मोकळी राहिलेली वायर टायरला घासून तुटते.

असाच आणखी एक प्रकार. जुन्या घडणीच्या गाड्यांत ऑइल प्रेशरचा स्विच किंवा तापमानाचा सेंडर एकाच वायरीचा असतो, त्याचे अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते. गळती होऊ नये म्हणून आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप भरपूर गुंडाळली की ते अर्थिंग तुटू शकते, आणि काटा मेल्यासारखा पडून राहतो.

काही गोष्टी मात्र दोष नसतातच. कामासाठी बॅटरी काढली की घड्याळ शून्यावर येते, खिडकीची एका दाबात वर जाण्याची सोय बंद होते, इंजिन थोडा वेळ आयडलला उडते. काही गाड्यांत स्टिअरिंगशी संबंधित दिवाही लागतो. खिडकी आणि स्टिअरिंग परत कसे शिकवायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. आयडल थोडे चालवल्यावर बहुधा आपोआप सुधारते. यासाठी थ्रॉटल बॉडी बदलू देऊ नका.

काम झाल्यापासून रोज सकाळी बॅटरी उतरलेली मिळत असेल तर काहीतरी रात्रभर चालू राहते आहे. बोनेटचा किंवा डिकीचा दिवा, चुकीच्या जागी बसलेला रिले, दाबून राहिलेला ब्रेक स्विच. निगेटिव्ह वायर सोडवून मधे मीटर अँपिअरवर जोडला की गळती दिसते. पण गाडीतली युनिट्स झोपायला वीस मिनिटे ते कधी कधी तासभर घेतात, तेवढे थांबा. त्यानंतर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असला तर चिंता नाही. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटर जाईल.

फ्यूजबद्दल हात जोडून सांगतो. १० अँपिअरचा लाल फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे ३० चा हिरवा लावू नका, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर कधीच नाही. फ्यूज उडतो तो वायर वाचवायला. मोठा फ्यूज घातला की उडायची पाळी वायरिंगवर येते, आणि डॅशबोर्डच्या मागे लागलेली आग विझवायला कोणी वेळेत पोहोचत नाही. पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांत टेस्ट लॅम्प किंवा सुई खुपसू नका, एअरबॅग अंगावर फुटू शकते. सीट काढून सफाई केल्यावर एअरबॅगचा दिवा लागला तर सीटखालचा तो कपलर बघायला जाणत्या माणसालाच सांगा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारंगी वायरींना कोणीही घरगुती प्रयोग म्हणून हात लावू नये, तिथला दाब जीव घेणारा असतो.

अपवादांविषयी म्हणालो होतो. चार वर्षांची बॅटरी क्लचच्या कामानंतर दुसऱ्याच दिवशी मरू शकते. गाडी गॅरेजमध्ये आठवडाभर उभी होती आणि दारे दिवसभर उघडी होती, तर ती नुसती उतरलीही असेल. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, आणि गॅरेजही त्यांना वर्ज्य नाही. म्हणून आरोप घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. आधी त्याच गॅरेजकडे जा, कारण काय सोडवले होते हे फक्त त्या माणसाला आठवते. ‘दादा, काल क्लचचं काम केलंत, आज सेल्फ उचलत नाही. गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी आणि सेल्फच्या वायरी एकदा बघता का?’ एवढे शांतपणे म्हटले की बहुतेक जण स्वतःच बोनेट उघडतात. ‘तुम्ही गाडीची वाट लावली’ म्हटले की तोच माणूस पहिल्या वाक्यापासून बचावाला लागतो आणि मग बॅटरीवर बोट ठेवतो.

दुसऱ्या वायरमनकडे जावेच लागले तर आधीचे काम लपवू नका. ‘आपोआप बंद पडली’ असे सांगणारे गिऱ्हाईक त्याची दिशाच चुकवते. जुने बिल दाखवा, काय काय उघडले होते ते सांगा. गॅरेज काहीच ऐकत नसेल तर बिल, जॉब कार्ड, काढलेले जुने पार्ट आणि फोटो सांभाळून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पुढच्या वेळी गाडी ताब्यात घेताना पैसे देण्याआधी गॅरेजच्या दारातच सगळे लावून बघा. हेडलाइट, ब्रेक लाइट, रिव्हर्स, हॉर्न, वायपर, एसी, सगळ्या खिडक्या. किल्ली ‘ऑन’ला फिरवल्यावर सगळे इशाऱ्याचे दिवे लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात का, तेही बघा. जो दिवा आधी लागतच नाही तोही संशयाचाच. गाडी आत देतानाही हेच करून मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवला तर नंतर कोणाचीच आठवण ताणावी लागत नाही.

आणि एक गोष्ट आपण गिऱ्हाइकांनी बदलायला हवी. दोन तास आडवे पडून, टॉर्च धरून, मोजून मोजून एक सुटलेला कपलर शोधणाऱ्या माणसाला आपण पैसे द्यायला कुरकुरतो. ‘नुसता कपलर तर लावला’ म्हणतो. तोच माणूस नवा सेन्सर घालून भले मोठे बिल देतो तेव्हा मात्र मुकाट्याने पैसे काढतो. गॅरेजवाल्यांना पार्ट बदलण्याची सवय आपणच लावली आहे. गाडी देतानाच विचारा, ‘दोष शोधण्याचे किती घ्याल?’ रक्कम ठरवून घ्या. पार्ट बदलायचा असेल तर कोणत्या तपासणीत तो खराब निघाला हे बिलावर लिहून मागा. आणि शेवटी दोष एका सैल बोल्टचा निघाला, तरी ठरलेले पैसे पूर्ण द्या.